तापीकाठची जमीन आणि दलालाची जीभ

"तापीला लागून दहा एकर, बारमाही पाणी, समोर सातपुडा. रानडुकरं, ससे, तित्तर भरपूर. हौस असेल तर शिकारही होते." नंदुरबार जिल्ह्यातली जमीन दाखवताना दलाल असं काहीबाही रंगवून सांगतात आणि पुण्या-नाशिकचं किंवा सुरतेचं गिऱ्हाईक परतीच्या वाटेवर गाडीतच फार्महाऊसचा नकाशा आखू लागतं. यातली शिकार आणि नदी विकणाऱ्याच्या मालकीची नसतेच. उरली जमीन, ती त्याची असली तरी तुम्हाला विकता येईलच, असं नाही.

शिकारीचं आधी उरकून घेऊ. आपल्या बांधाच्या आत आलेलं जनावर आपलं, हा समज फार जुना आहे आणि साफ चुकीचा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 शेत खाजगी की सरकारी हे पाहतच नाही. फास लावणं, विष घालणं, जिवंत पकडणं, एवढंच काय, नुसता प्रयत्न करणं हीसुद्धा कायद्याने शिकारच. जुन्या लोकांना शिकारीचे परवाने आठवतात. ते मूळ कायद्यात होते, पण 1991 च्या दुरुस्तीने गेले. पीक संरक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुक्कर किंवा रोही पिकाची नासाडी करत असेल तर वन विभागाकडे रीतसर अर्ज करून परवानगी मागता येते. मारलेलं जनावर मात्र सरकारजमा होतं, रश्शात पडत नाही. उसात दडणारा बिबट्या तर अनुसूची एकमधला. त्याच्या शिकारीला किमान 3 ते कमाल 7 वर्षं कैद आणि कमीत कमी 25,000 रुपये दंड.

आता नदी. "सातबारा थेट पाण्यापर्यंत आहे" असं सांगितलं जातं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 नुसार नदी, नाले आणि त्यांची पात्रं सरकारची. पुराने काठाला गाळाची नवी जमीन तयार झाली तर काठच्या खातेदाराला ती तात्पुरती वापरता येते, तीही क्षेत्र एक एकराच्या वर जाईपर्यंतच. वाळू गौण खनिज. परवान्याशिवाय उचलली तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. पाण्यात मोटार टाकायलाही उपसा सिंचनाची परवानगी लागते. काठावर बंगला बांधायची स्वप्नं असतील तर पूररेषा बघावी: निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत बांधकामाची आशा सोडलेली बरी. सारंगखेडा आणि प्रकाशा इथल्या बॅरेजमुळे तापीला पाणी दिसतं, पण त्यांची दारं उघडायचं वेळापत्रक तुमच्या सोयीने ठरत नाही. नर्मदाकाठाची तर गोष्टच वेगळी. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावं सरदार सरोवराने बाधित झाली आणि 2019 मध्ये धरण 138.68 मीटरपर्यंत प्रथमच भरलं. तिथे 'नदीकाठ' म्हणून दाखवलेली जागा जलाशयासाठी संपादित झालेली तर नाही ना, हे आधी विचारायचं.

खरी मेख शेतात आहे. पहिली अट अशी की महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आपण शेतकरी असावं लागतं. कूळकायद्याचं कलम 63 आडवं येतं. पण नंदुरबारात यापेक्षा मोठी अट आहे. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्यातले सुमारे 69 टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. महसूल संहितेच्या कलम 36अ प्रमाणे, 6 जुलै 1974 पासून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकणं, बक्षीस देणं, गहाण ठेवणं, भाडेपट्ट्याने देणं यातलं काहीच परवानगीशिवाय चालत नाही. विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी आणि तिच्याआधी राज्य शासनाची मान्यता लागते. अनुसूचित क्षेत्रात आता ग्रामसभेची पूर्वसंमतीही लागते.

इथे एक बारीक गफलत नेहमी होते. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे तालुके पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहेत. शहादा आणि नंदुरबार अंशतः. म्हणून "हे गाव अनुसूचित नाही, इथे चालतं" असं सांगितलं जातं. नाही चालत. 36अ चं बंधन माणसाच्या जमातीशी आहे, गावाशी नाही. ते सबंध महाराष्ट्रात लागू आहे.

या कायद्यामागे इथल्याच मातीतली वेदना आहे. कर्जापायी, अंगठ्यापायी गेलेल्या जमिनींसाठी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला शहादा भागात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने लढा उभारला होता. त्यानंतरच्या 1974 च्या दुसऱ्या एका कायद्याने 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत करण्याची सोय केली. त्यामुळे आजचा विक्रेता बिगर-आदिवासी दिसला म्हणून निर्धास्त राहू नये. जमीन त्याच्याकडे कधी आणि कुणाकडून आली हे जुन्या फेरफारांत सापडतं.

पळवाटाही ठरलेल्या. नुसत्या स्टॅम्पवर नोटरी, मुखत्यारपत्र, नाहीतर जमीन सालदाराच्या नावावर आणि पैसा आपला. पहिल्या दोहोंनी मालकी येत नाही. तिसरा बेनामी व्यवहार. त्याला 1 ते 7 वर्षं सक्तमजुरी आणि जमीन सरकारजमा. वनहक्काचा पट्टा दाखवणारेही भेटतात. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेली जमीन वारसाला जाते, विकता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीनेसुद्धा नाही.

मग घेण्याजोगी जमीन नाहीच का? आहे. पपई, केळी, कापूस पिकवणाऱ्या शहादा पट्ट्यात भोगवटादार वर्ग 1 च्या जमिनींचे व्यवहार रीतसर होतात. सातबाऱ्यावर क्षेत्र वाचताना पोटखराबा किती ते बघावं, कारण काठाची दरड, घळ त्यातच असते. 'इतर अधिकार' हा रकाना शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. 36अ चा शेरा, बँकेचा बोजा, पुनर्वसनाची अट तिथेच बारीक अक्षरात बसलेली असते. सातबारा हा महसुली दाखला आहे, मालकीचा अंतिम पुरावा नाही. म्हणून निदान 1957 पर्यंत मागचे फेरफार काढावेत, सरकारी मोजणी करून नदीकडची हद्द खुणांवर पक्की करून घ्यावी आणि इसाराची रक्कम त्यानंतरच मोजावी.