एका शिताची परीक्षा

पोरांनो, भात शिजला का हे बघायला आजी अख्खं पातेलं उपसते का? डावावर एक शीत घेते, बोटांत दाबते, झालं. आपल्या कामथडीच्या खाचरातला इंद्रायणी असो नाहीतर दुकानातला कोलम, परीक्षा तीच.

आपल्या अंगातल्या पेशीही असंच एकेक शीत बाहेर मांडतात. आत बनलेल्या प्रथिनांचा आठ-दहा अमिनो आम्लांचा तुकडा एका खोबणीत धरायचा आणि पृष्ठभागावर दाखवायचा. आत विषाणू घुसला असेल तर त्याचाही तुकडा खोबणीत येतो. रोगापासून राखण करणारी टी पेशी फिरत येते, तो चाचपते आणि बिघाड दिसला तर त्या पेशीचा निकाल लावते. 1974 साली कॅनबेरात पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांनी उंदरांवर दाखवलं की टी पेशीला नुसता विषाणू कळत नाही, तो ओळखीच्या खोबणीतूनच कळतो. त्याबद्दल 1996 चं नोबेल मिळालं.

टी पेशी चाचपते ती तिच्या ग्राहकाने. आल्फा आणि बीटा या दोन साखळ्यांचा तो रेणू. त्याची जनुकं 1984 मध्ये हाती लागली आणि पुढचा प्रश्न तुम्हीही विचारला असता: हा ग्राहक सुटा काढून परीक्षानळीत ठेवता येईल का?

येतो, पण फार छळतो! त्याचं बूड पेशीच्या स्निग्ध आवरणात रुतलेलं, ते पाण्यात विरघळेना. म्हणून तेवढा भाग गाळून उरलेलं जनुक ई. कोलाय जिवाणूत घातलं. जिवाणूने प्रथिन भरभरून केलं, पण घड्या चुकलेल्या गोळ्यांच्या रूपात. ते गोळे युरियात विरघळवतात. हो, आपण भाताला टाकतो तोच युरिया, फक्त शुद्ध. मग थंडाव्यात युरिया हळूहळू कमी करत नेला की साखळ्या आपल्या आपण नीट घडी घालतात. मला तर सगळ्या गोष्टीत हीच जागा अजब वाटते. तरी आल्फा-बीटाची जोडी सुटायचीच. 2003 मध्ये इंग्लंडातल्या संशोधकांनी दोन्ही साखळ्यांत सिस्टीन हे गंधक असलेलं अमिनो आम्ल एकेक जादा बसवलं, गंधकाला गंधक जुळलं आणि जोडी टिकली.

आता पकड. मूळचा ग्राहक काही सेकंदांत तुकडा सोडतो. टी पेशीला हजारो पेशी तपासायच्या असतात, तिला ते सोयीचंच. सुट्या ग्राहकाला मात्र चिकटून राहायला हवं, म्हणून त्याची रचना थोडी बदलून पकड घट्ट करतात. मग कुठली पेशी कुठला तुकडा दाखवते ते त्याच्याकडून कळतं.

पकड उपचारातही कामी येते. आयआयटी मुंबई आणि खारघरच्या टाटा कर्करोग केंद्राच्या संशोधनातून आलेल्या, 2023 मध्ये मान्यता मिळालेल्या उपचारात टी पेशींनाच नवी पकड देतात. रक्ताच्या कर्करोगावर तो मोठा आधार आहे, पण ती पकड पेशीच्या पृष्ठभागावर असलेलं प्रथिनच ओळखते. आतलं हवं तर शीतच चाचपायला हवं. डोळ्याच्या एका कर्करोगावरचं टेबेंटाफुस्प हे औषध तसं आहे. त्याचं एक टोक म्हणजे सुटा ग्राहक, तो कर्कपेशीवरचा तुकडा धरतो. दुसरं टोक जवळच्या टी पेशीला ओढून आणतं. अमेरिकेत त्याला जानेवारी 2022 मध्ये परवानगी मिळाली.

सगळ्यांना ते चालत नाही, कारण खोबण्या माणसागणिक वेगळ्या. हे औषध एकाच जातीची खोबणी ओळखतं. सख्ख्या भावंडांचाही खोबण्यांचा सगळा संच जुळण्याची शक्यता चारात एकच.