दीपगृहाचा पहिला रक्षक

काळोख्या रात्री किनाऱ्याकडे येणाऱ्या नाखव्याला दुरून दीपगृहाचा प्रकाश दिसला, की त्याच्या जिवात जीव येतो. परंतु जुन्या काळी तो दिवा रात्रभर कोण तेवत ठेवीत असे व त्याबद्दल त्याला काय मिळे, याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

अमेरिकेतील बॉस्टन बंदराच्या तोंडाशी एक लहानसे खडकाळ बेट आहे. तो मुलूख इंग्रजांची वसाहत असताना, १४ सप्टेंबर १७१६ रोजी, तेथील दीपगृहात प्रथम दिवा लागला. आजच्या संयुक्त संस्थानांतील हे पहिले दीपगृह होय. त्याच्या खर्चासाठी बंदरात ये-जा करणाऱ्या दूरदेशीच्या जहाजांवर दर टनास एक पेनी कर बसविण्यात आला.

जॉर्ज वर्दिलेक हा या दीपगृहाचा पहिला रक्षक. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत दिवे तेवत ठेवावेत, अशी त्याला आज्ञा होती. वारा असो, हिमवर्षाव असो, त्यात खंड पडून चालत नसे. या कामाचे वेतन वर्षाला अवघे ५० पौंड! संसाराला जोड म्हणून तो मेंढ्याही पाळी. एका हिवाळ्यात तो दिव्यापाशी गुंतलेला असताना त्याच्या ५९ मेंढ्या समुद्रात बुडाल्या. त्याने आपले गाऱ्हाणे सरकारपुढे मांडले, तेव्हा १७१७ साली त्याचे वेतन ७० पौंड झाले.

पण ते सुख त्याला फार काळ लाभले नाही. नोव्हेंबर १७१८ मध्ये बॉस्टनहून परतताना, बेट अगदी जवळ आले असता, त्यांची होडी उलटली. वर्दिलेक, त्याची पत्नी व कन्या बुडून मरण पावली. त्यांच्याबरोबर शॅडवेल नावाचा त्यांचा आफ्रिकी गुलामही बुडाला. धन्याला निदान ७० पौंड तरी मिळत. गुलामाला वेतन कोठले!

या दुर्घटनेने सारे बॉस्टन हळहळले. त्या नगरातील एका बारा वर्षांच्या मुलाने तिच्यावर पोवाडा रचला. तो छापून त्याने रस्त्यांवर विकला व त्याच्या प्रती हातोहात खपल्या. हाच मुलगा पुढे बेंजामिन फ्रँकलिन म्हणून जगप्रसिद्ध झाला.

आज बहुतेक दीपगृहांतील दिवे विजेवर आपोआप लागतात. मात्र शेकडो वर्षे हजारो जहाजे सुखरूप बंदराला लागली, ती अशा माणसांच्या जागरणामुळे. त्यांच्या श्रमांचे मोल ७० पौंडांत कसे व्हावे?