चाकावरची काळी धूळ

गाडी धुवायला घेतली की एक गोष्ट हमखास लक्षात येते. मागची चाकं बऱ्यापैकी स्वच्छ असतात आणि पुढची काळवंडलेली. चिखल तर चारही चाकांना लागतो. मग पुढच्याच चाकांवर हा काळा थर कुठून येतो? तो रस्त्यावरचा नसतो, गाडीच तो तयार करते. अलॉय व्हीलची निगा राखायची तर आधी ही धूळ ओळखायला हवी.

बाराशे किलोची गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने धावत असते, तेव्हा तिच्यात सुमारे २ लाख ४० हजार ज्यूल गतिज ऊर्जा असते. ब्रेक मारून गाडी थांबवली की त्यातली बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन डिस्क आणि ब्रेक पॅडमध्ये उतरते. डिस्क बिडाची असते. पॅडमध्ये राळ, ग्राफाइट, धातूंचे तंतू आणि खरखरीत खनिजं एकत्र दाबलेली असतात. घासताना दोन्ही झिजतात आणि झिजेचे तापलेले कण शेजारच्या चाकावर आदळतात. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे येतो, म्हणून पुढच्या ब्रेकना जास्त काम पडतं. शिवाय आपल्याकडच्या अनेक गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात. त्यांची झीज बरीचशी ड्रमच्या आतच साठते.

या धुळीत लोखंड भरपूर असतं. गरम कण चाकावरच्या लॅकरला चिकटतात, ओल मिळाली की गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो आजूबाजूचं लॅकर उचलू लागतो. चाकावर दिसणारे नारिंगी ठिपके बऱ्याचदा अशाच रुतलेल्या कणांचे असतात. ते चाकाचे नसतात, कारण अलॉय व्हील ॲल्युमिनियमची असते आणि ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही.

ॲल्युमिनियमच्या ओतीव चाकांची कीर्ती पसरली ती १९२४ साली. एत्तोरे बुगाटी यांनी ल्योंच्या ग्रां प्री शर्यतीत ‘टाइप ३५’ ही गाडी अशा चाकांसह उतरवली. ब्रेकचा ड्रमही चाकाचाच भाग होता. हलकेपणा आणि उष्णता झटपट वाहून नेण्याची ताकद, हे या धातूचे दोन मोठे गुण. आजची अनेक अलॉय व्हील ज्या मिश्रधातूतून ओततात, त्यात सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि ०.३ टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम असतं. सिलिकॉनमुळे वितळलेला धातू साच्याच्या कानाकोपऱ्यात पोचतो. मॅग्नेशियममुळे उष्णतेच्या प्रक्रियेनंतर चाकाला बळकटी येते.

ॲल्युमिनियमचं खरं संरक्षण मात्र त्याचं स्वतःचं असतं. हवा लागताच त्याच्यावर काही नॅनोमीटर जाडीचं ऑक्साइडचं कवच तयार होतं आणि आतल्या धातूपर्यंत ऑक्सिजन पोचू देत नाही. सामू, म्हणजे पीएच, साधारण ४ ते ८.५ असेपर्यंत हे कवच टिकतं. त्याखाली आम्ल आणि त्यावर अल्कली, दोन्ही त्याला विरघळवतात. घरातलं ॲल्युमिनियमचं पातेलं सोड्याच्या पाण्याने काळं पडतं, त्यामागे हेच रसायन आहे. म्हणून लिंबू, चिंच, कपडे धुण्याचा सोडा किंवा फरशीचं ॲसिड यांपैकी काहीही अलॉय व्हीलला लावू नये. पितळेचा तांब्या चिंचेने उजळतो, पण तो धातू वेगळा.

कारखान्यात या धातूवर रंग आणि लॅकर चढवलेलं असतं. डायमंड कट चाकाचा दर्शनी भाग तर लेथवर तासून नुसत्या लॅकरने झाकतात. रंगाचा आधार तिथे नसतो. खड्ड्यात चाक आपटलं, फुटपाथच्या कडेला घासलं की लॅकरला चीर पडते. त्या चिरेतून ओल आणि मीठ आत शिरतं. तिथे सुरू झालेल्या क्षरणाच्या पुढच्या टोकाशी ऑक्सिजन कमी, मागे जास्त. या फरकातून सूक्ष्म विद्युतघट तयार होतो आणि लॅकरखाली दोऱ्यासारख्या पांढरट रेषा सरकत जातात. यासाठी दमट, खारी हवा सगळ्यात अनुकूल. म्हणून मुंबई, रत्नागिरी, मालवण, गोवा इथल्या गाडीमालकांनी लहानसा टवकाही लगेच बुजवून घ्यावा. ट्यूबलेस टायरमध्ये हवा अडवण्याचं काम रिमची कडाही करत असते. तिथे क्षरण झालं की पंक्चर नसतानाही हवा हळूहळू उतरते. टायर बदलताना ही कडा साफ करून घ्यायला पंक्चरवाल्याला जरूर सांगावं.

धुण्याची रीत सोपी आहे. चाक हाताला थंड लागेपर्यंत थांबायचं, कारण गरम धातूवर रसायनं वेगाने काम करतात आणि वाळून डाग सोडतात. आधी भरपूर पाणी मारायचं. कोरड्या ब्रशने घासलं तर लोखंडी कण लॅकरवर ओरखडे पाडतात आणि बारीक धूळ श्वासात जाते. मग उदासीन सामूचा कार शाम्पू आणि मऊ ब्रश. चाकांची बादली आणि फडकी वेगळीच ठेवावीत, नाहीतर तीच लोखंडी भुकटी गाडीच्या रंगावर घासली जाते. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटी मायक्रोफायबरने पुसून घ्यावं. वाळू दिलं तर क्षारांचे ठिपके राहतात.

रुतलेल्या लोखंडासाठी थायोग्लायकोलेट असलेला आयर्न रिमूव्हर मिळतो. पार्लरमध्ये केस कुरळे करण्यासाठीही याच कुळातली रसायनं वापरतात. उग्र वासही तसाच. लोखंडाशी संयोग झाला की फेस जांभळट-लाल होऊन ओघळतो. आम्लाशिवाय लोखंड विरघळवण्याची ही युक्ती मला रसायनशास्त्राची सुंदर देणगी वाटते. लेबलवर सांगितलेल्या वेळेतच रिमूव्हर धुवून टाकावा, आणि तो वापरताना हातमोजे घालावेत.

पण एका पदार्थाबद्दल कळकळीने सांगायला हवं. झटपट चमक देणाऱ्या काही व्हील क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असतं. ते मळाबरोबर ऑक्साइडचं कवचही खातं, म्हणून चाक क्षणात उजळतं. त्यातला फ्लोराइड त्वचेतून खोल जाऊन शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतो. सौम्य द्रावणाने भाजलं तर वेदना काही तासांनी सुरू होते; तोवर इजा खोलवर गेलेली असते. मोठ्या प्रमाणात संपर्क आला तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. असं काही अंगावर उडालं तर लगेच भरपूर पाण्याने धुवून, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल मिळाल्यास लावून, दुखण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावं आणि रसायनाचं नाव डॉक्टरांना सांगावं.

वॉशिंग सेंटरमध्ये कितीतरी मुलं उघड्या हातांनी आणि अनवाणी पायांनी गाड्या धुताना दिसतात. पुढच्या वेळी गाडी देताना चाकांवर काय मारणार आहात, हे विचारा आणि बाटली पाहा. लेबल नसेल, किंवा त्यावर फ्लोराइडचं नाव असेल, तर फक्त शाम्पू-पाणी वापरायला सांगा. दर आठवड्या-पंधरवड्याला धुतलेल्या चाकाला त्याहून जास्त काही लागत नाही.