वळसा घालून आलेला प्रकाश

मैत्रिणींनो, आज एक कोडं घालते. दोघी जावा एकाच स्टँडवरून, एकाच वेळी लग्नाला निघाल्या. थोरली सरळ रस्त्याच्या एस.टी.त बसली, धाकटी आडवाटेच्या. दोन्ही गाड्यांचा वेग सारखाच, ताशी ३० किलोमीटर. आडवाटेचा रस्ता मात्र सरळ रस्त्याच्या एक दशांशाने लांब. धाकटी पोचली बरोबर दहा मिनिटं उशिरा. तर लग्नाचं गाव किती लांब?

सोपं आहे हो! उशिराची दहा मिनिटं म्हणजे थोरलीच्या प्रवासाचा दहावा हिस्सा. म्हणजे तिला लागली शंभर मिनिटं, आणि गाव पन्नास किलोमीटरवर. टेप नाही धरली, मैलाचे दगड नाही मोजले. नुसत्या उशिरावरून अंतर कळलं.

खरं वाटणार नाही, पण शास्त्रज्ञ साधारण याच हिशोबाने विश्वातली अंतरं मोजतात. तिथे एस.टी.च्या जागी असतो प्रकाश. त्याचा वेग ठरलेला, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. पण प्रकाशाला वळसा कोण घालायला लावतं? तर गुरुत्वाकर्षण. जड वस्तूजवळून जाताना प्रकाश वाकतो, हे आइन्स्टाइनने सांगितलं आणि १९१९ च्या खग्रास ग्रहणात ते तपासूनही झालं. मागे दूरवर एखादा तारा आणि मध्ये मोठी दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं गाव, आलं की त्या ताऱ्याचे किरण तिच्या दोन्ही बाजूंनी वळून आपल्याकडे येतात. मग एकाच ताऱ्याच्या दोन-चार प्रतिमा दिसतात. आपण चष्म्याला भिंग म्हणतो ना, तसं हे आकाशातलं भिंग. ‘गुरुत्वीय भिंग’च म्हणतात त्याला.

प्रत्येक प्रतिमेचा रस्ता वेगळा. शिवाय जड वस्तूजवळून जाताना प्रकाशाला थोडा जास्त वेळही लागतो, घाटात गाडी रेंगाळते तसा. म्हणून प्रतिमा मागेपुढे पोचतात. १९६४ मध्ये शूर रेफ्सडाल या नॉर्वेच्या तरुणाने, तेव्हा तिशीही न गाठलेल्या, लिहून ठेवलं, की भिंगामागे एखाद्या ताऱ्याचा स्फोट झाला, तर त्याच्या प्रतिमा किती दिवसांच्या फरकाने दिसतात ते मोजा. त्यावरून अंतर आणि विश्वाच्या प्रसरणाचा वेग काढता येईल. पण असा स्फोट कोणी पाहिलेलाच नव्हता! रेफ्सडाल २००९ मध्ये गेले, तेव्हाही नव्हता.

आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये पॅट्रिक केली यांना हबल दुर्बिणीच्या चित्रांत एका दीर्घिकेभोवती चार ठिपके दिसले. एकाच स्फोटाचे चार ठिपके! हा प्रकाश निघाला होता सुमारे ९३० कोटी वर्षांपूर्वी. वाटेत सुमारे ५०० कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकांच्या थव्याने त्याला वळवलं होतं. या स्फोटाला नाव दिलं ‘रेफ्सडाल’.

खरी गंमत पुढेच आहे. हिशोब करून शास्त्रज्ञ म्हणाले, ‘हाच स्फोट थव्यातल्या दुसऱ्या जागी पुन्हा दिसेल, जास्त लांबच्या वाटेने येऊन.’ दुर्बीण रोखून सगळे वाट पाहत बसले. ११ डिसेंबर २०१५ ला पाचवा ठिपका सांगितलेल्या जागी उगवला. पाहुणा येणार म्हणून दार उघडून बसावं आणि तो खरोखरच यावा, तसं झालं. आणखी एक प्रतिमा १९९० च्या दशकात येऊन गेली असणार, असंही गणित सांगतं. पण तेव्हा तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

आता म्हणाल, याचा उपयोग काय? तर विश्व किती वेगाने पसरतंय, यावरून सध्या शास्त्रज्ञांत मोठा पेच आहे. विश्वाच्या बाल्यावस्थेतल्या प्रकाशावरून हिशोब केला, तर उत्तर येतं सुमारे ६७. म्हणजे दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे वेग सेकंदाला ६७ किलोमीटरने वाढतो. जवळच्या ताऱ्यांवरून पायरी-पायरीने मोजत गेलं, तर येतं सुमारे ७३. या पायऱ्यांची पहिली पायरी घातली हेन्रिएटा लेव्हिट या बाईंनी, १९१२ मध्ये. हार्वर्डच्या वेधशाळेत तासाला ३० सेंटवर फोटोंच्या काचा तपासता तपासता त्यांना दिसलं, की काही ताऱ्यांची लुकलुक जितकी सावकाश, तितके ते मुळात तेजस्वी. त्यांना ऐकूही कमी यायचं. पण नजर काय होती!

पायऱ्यांची अडचण एवढीच, की खालच्या पायरीची चूक वरपर्यंत जाते. स्वेटरचा सुरुवातीचा टाका चुकला की पुढचं सगळं उसवावं लागतं, तसं. भिंगाच्या पद्धतीला या पायऱ्या लागतच नाहीत, म्हणून तिला साक्षीदाराचा मान. ‘रेफ्सडाल’वरून २०२३ मध्ये उत्तर आलं ६६ च्या आसपास. पण शेरी सूयू यांच्या गटाने सहा दूरच्या तेजस्वी क्वेसारांवरून आधी काढलं होतं सुमारे ७३. साक्षीदारांतही एकमत नाही! कारण आडवाट नक्की किती लांब हे भिंगाच्या वजनावर ठरतं, आणि त्यातलं बरंचसं वजन दिसतच नाही. पेच सुटला नाही, तर कदाचित विश्वाबद्दलची आपली समजूतच बदलावी लागेल.

म्हणून अशी आणखी भिंगं हवीत. ती शोधायला २०१३ मध्ये ‘स्पेस वॉर्प्स’ हा उपक्रम सुरू झाला. त्याच्या तीन प्रमुखांपैकी एक अनुप्रीता मोरे, आता पुण्याच्या ‘आयुका’त शास्त्रज्ञ आहेत. आकाशाची चित्रं सामान्य लोकांपुढे ठेवली आणि म्हटलं, वाकलेल्या चकत्या शोधा. हजारो लोकांनी घरी बसून ती पाहिली, आणि संगणकाला न दिसलेली भिंगं त्यांना दिसली! चिलीमध्ये व्हेरा रुबिन या खगोलशास्त्रज्ञ बाईंच्या नावाच्या वेधशाळेने जून २०२५ मध्ये पहिली चित्रं दाखवली आहेत. तिच्यामुळे आणखी पुष्कळ भिंगं सापडतील अशी आशा आहे.

मी कला शाखेची. ‘हे आपलं काम नव्हे’ म्हणत विज्ञानाचं पान आजवर उलटत आले. पण तांदळातला खडा अचूक ओळखणारी नजर आपल्याकडेही आहेच की! रात्री गॅलरीत कपडे काढायला जाल, तेव्हा क्षणभर वर बघा. कुठला तरी प्रकाश अजून आडवाटेने येतोच आहे. तो पोचेल तेव्हा आपलं लक्ष तिकडे असलं पाहिजे, इतकंच.