आशावादी माणूस जास्त जगतो?

● एक पान आयुष्य : १९३० मध्ये अमेरिकेतील ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम’ संघातील नन्सना एका कागदावर, दोनशे-तीनशे शब्दांत आत्मवृत्त लिहायला सांगितलं गेलं. पुढे संशोधकांनी अशी १८० आत्मवृत्तं तपासली. लिहिताना या मुलींचं सरासरी वय २२ होतं. आनंद, कृतज्ञता, उमेद दाखवणारी वाक्यं सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी लिहिणाऱ्या गटांच्या आयुर्मानात जवळपास सात वर्षांचा फरक निघाला (२००१). सगळ्यांची राहणी जवळपास सारखीच असल्यानं हा फरक बोलका ठरतो.

● मोठा अभ्यास : २०१९ मध्ये ६९,७४४ महिला आणि १,४२९ पुरुषांची माहिती तपासली गेली. सर्वाधिक आशावादी गटाचं आयुष्य सर्वांत कमी आशावादी गटापेक्षा सरासरी ११ ते १५ टक्के अधिक होतं.

● मोजतात कसं? : मानसशास्त्रज्ञ शायर आणि कार्व्हर यांच्या आशावाद मोजणाऱ्या प्रश्नावलीत दहा विधानं असतात. त्यांतल्या सहांनाच गुण. बाकी चार, नेमकं काय मोजतोय हे कळू नये म्हणून.

● निराशेचाही उपयोग : ‘पेपर अवघड जाणार’ असं धरून कसून तयारी करणाऱ्यांना मानसशास्त्रज्ञ ज्युली नोरेम ‘बचावात्मक निराशावादी’ म्हणतात. अशांना उगाच धीर दिला, तर त्यांची कामगिरी घसरू शकते.

● लक्षात ठेवा : आशावाद आणि दीर्घायुष्य यांचा संबंध दिसतो, एकामुळेच दुसरं घडतं, हे सिद्ध झालेलं नाही. म्हणून उमेद जरूर बाळगा, पण औषधाची वेळ चुकवू नका.