टाक्यांची होडी

होडी बांधणं म्हणजे सुताराचं, तेही समुद्राकाठचं काम, असं आम्हा हट्ट्याच्या बायकांना वाटायचं. पण 1963 साली इंग्लंडात आलेली जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांची ‘मिरर’ ही शिडाची होडी खास घरी बांधण्यासाठीच होती. प्लायवूड बेतायचं, कडांना भोकं पाडून तांब्याच्या तारेनं टाके घालायचे, मग जोडांवर काचतंतूची पट्टी रेझिननं चिकटवायची. टक्स घातल्यावर सपाट कापडाला गोलाई येते ना, तस्संच!

मी आधी पुठ्ठ्याची छोटी होडी करून पाहिली, मगच करवत धरली. “हे बाईचं काम नव्हे,” सासूबाई म्हणाल्या. म्हटलं, “आत्याबाई, बेतणं नि शिवणं आजवर कुणाचं काम होतं?”

मैत्रिणींनो, प्लाय मात्र मरीनच घ्या. अन् पाण्यात उतरताना लाइफ जॅकेट हवंच!