चरत चरत निघालेल्या पेशी

भाजी चिरताना बोट कापतं, रक्त येतं आणि थोड्या वेळात साकळतं. आपण पट्टी बांधून पुन्हा विळीकडे वळतो. पण त्या साकळलेल्या थेंबात एक चिमुकला स्निग्ध रेणू तयार झालेला असतो : लायसोफॉस्फॅटिडिक ॲसिड, थोडक्यात एलपीए. मेद म्हटलं की आपल्याला पोटावरच्या वळ्या आठवतात. हा मेद मात्र निरोप्या आहे. त्याला ओळखणारे सहा प्रकारचे रिसेप्टर शास्त्रज्ञांना माहीत आहेत. पेशीच्या आवरणातल्या अशा रिसेप्टरला तो चिकटला की आत निरोप पोचतो, पेशीचा सांगाडा हलतो, पुढची कड पसरते आणि पेशी सरकू लागते. जखम भरून यायला ही हालचाल हवीच.

कर्करोगाच्या पेशी हाच निरोप आपल्या कामी लावतात. १९९२ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या संशोधकांना मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका घातक कर्करोगाच्या, पेशींनी सोडलेल्या द्रवात एक प्रथिन सापडलं. त्याच्यामुळे पेशी हलू लागत. नाव ठेवलं ऑटोटॅक्सिन. त्याचं खरं काम कळायला २००२ उजाडलं : ते एलपीए तयार करणारं विकर निघालं. हाक मारत होता तो मेदच. प्रथिन हा त्याचा कारखाना.

पण हाक सगळीकडून सारखीच येत असेल, तर जायचं कुठे? याचं उत्तर २०१४ साली ग्लासगोच्या संशोधकांनी दिलं, आणि ते थक्क करणारं आहे. मेलानोमाच्या पेशी एलपीए नुसता ओळखत नाहीत, तो मोडूनही टाकतात.

माळावर मधोमध शेळ्यांचा मोठा कळप सोडा. चारी बाजूंना गवत सारखंच. थोड्या वेळात मधलं गवत संपतं, कडेच्या शेळ्यांना हिरवं दिसतं ते फक्त बाहेर. कळप आपोआप बाहेर पसरतो; हाकणारा गुराखी कुणीच नसतो. या पेशींचंही तसंच. सगळीकडे सारखा एलपीए असलेल्या द्रवात त्या दाटीवाटीने ठेवल्या, तर आतला साठा संपवून त्या बाहेरच्या दिशेने निघतात. विरळ ठेवल्या, तर अशी दिशा तयार होत नाही. उंदरांमधल्या गाठींतही हेच दिसलं : आत एलपीए कमी, कडेबाहेर जास्त. प्रयोगशाळेत रिसेप्टर औषधाने अडवले, की पेशींना ही दिशा उमगेनाशी झाली.

म्हणजे पसरण्याची वाट गाठ स्वतःच आखते, आणि तेही गर्दी वाढल्यावर. मेलानोमा किती खोल गेला आहे हे डॉक्टर मिलिमीटरमध्ये मोजतात आणि त्या आकड्याला फार महत्त्व देतात. त्यामागचं एक कारण इथे असू शकेल. म्हणून अंगावरचा एखादा तीळ रंग किंवा आकार बदलू लागला, तर कळप लहान आहे तोवरच तो दाखवून घ्या.